विमलच्या वजनाचा गूळ

अमडापूर
१४ नोव्हेंबर १९६९

शेषरावदादास,

तुझी खुशाली विचारत नाही. भाऊबीजेच्या दिवशी बहिणीच्या हातात ओवाळणीचं ताट असताना तिला भर अंगणात "निघ" म्हणणाऱ्या भावाची खुशाली उत्तमच असणार.

नऊ वर्षांनी वडनेरच्या अंगणात पाय ठेवला होता मी. नवरा गेल्यावर तुझ्या चुलीपाशी बसून राहायचं सोडून अकोल्याला नर्सचं शिकायला गेले, तेव्हापासून तू मला मेलेली समजतोस. समज. त्याबद्दल हे पत्र नाही. रुखमावहिनीनं निरोप धाडला की "विमलचा गूळ वाटतो आहे, या," म्हणून आले. विमल तुझी लेक खरी, पण उंद्रीला वहिनीच्या माहेरी तिच्या छातीला कान लावून हिच्या काळजात काही तरी चुकतंय असं पहिल्यांदा सांगणारी मीच. मुंबईला न्या म्हणून दोन वर्षं डोकं फोडणारीही मीच. माघात ऑपरेशन झालं आणि पोर वाचली. तेवढा हक्क मला आहे.

आणि आले तर पाहते काय! वेचणीचा कापूस मोजायचा मोठा तराजू आंब्याच्या फांदीला टांगलेला. एका पारड्यात विमल मांडी घालून बसलेली, दुसऱ्यात वजनं, आणि तू मिशीला पीळ देत उभा. "एकोणीस!" म्हणून वजनं लावणाऱ्या किसनरावानं आरोळी ठोकली आणि दसऱ्यापासून वाढलेल्या दोन किलोंचा गूळ तू गावाला वाटलास. मारुतीला केलेला नवस म्हणे, पोर जेवढी वाढेल तेवढा गूळ. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवड्याला वजन करा. तू ते इमानानं केलंस. कपाशीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं आकडे लिहिलेस. वजन कशासाठी करायचं हे मात्र विचारलं नाहीस, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दादा, सात वर्षांचं पोर तीन आठवड्यांत दोन किलो वाढत नसतं. वाढलंय ते पाणी आहे. विहिरीवरचं इंजिन दमलं की पाणी पुढे सरत नाही, पाट तुंबतो. तिचं काळीज दमलंय.

मी तिला पारड्यातून उतरवलं, ओट्याच्या तीन पायऱ्या चढायला लावल्या. दुसऱ्या पायरीवर ती थांबली. कार्तिकातल्या गारव्यात तिच्या वरच्या ओठावर घाम होता. नडगीवर बोट दाबून काढलं, तर खळगा तसाच राहिला. तो मी तुला दाखवला. आणि तू चार लोकांसमोर काय म्हणालास? "लेकरू सुदरलं तं तुह्या डोयात खुपून राह्यलं काय वं? स्वताचं घर बुडवलं, आता माह्यं बुडवाले आली!"

उचलली जीभ लावली टाळ्याला.

ऑपरेशननंतर मी पोरीला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं, नाहीतर आधीच सांगितलं असतं. आता तरी ऐक. तुझ्याकडे साखळीचं घड्याळ आहे, ते लग्नात मिरवण्यापुरतं नाही. विमल गाढ झोपली की तिच्या पोटाकडे पाहा आणि एक मिनिटभर श्वास मोज. पंचवीसपर्यंत ठीक. तिसाच्या वर गेले तर दुसऱ्या दिवशीची पहिली एस.टी. धरून तिला इथे माझ्या दवाखान्यात आण. आणि तिचं मीठ आजपासून बंद. लोणचं, पापड, काही नाही.

शालू


अमडापूर
१९ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांतलं पहिलं कार्ड, आणि त्यात तीन ओळी. "विमलचे वजन पावणेवीस किलो भरले. तब्येत ठणठणीत. नर्सबाईंनी काळजी करू नये."

पावणेवीस! पाच-सहा दिवसांत पाऊण किलो! तुला हे लिहिताना आनंद झाला असेल, मी मात्र कार्ड घेऊन तशीच डॉक्टरांकडे धावले. श्वास मोजलेस का? मोजले असतेस तर आकडा लिहिला असतास. तुला वजनाचाच आकडा दिसतो.

ती जेवते का रे? भाऊबीजेला तिच्या ताटातली पुरणपोळी मोडलेलीसुद्धा नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, पोट भरेलच हाये." न जेवणाऱ्या पोराचं वजन वाढतं कसं, एवढा हिशेब तुझ्यासारख्या शहाण्या पाटलाला करता येऊ नये? गड्यानं कापसात पाणी मारून वजन वाढवलं तर तू त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीस. मूठभर हातात घेतला की तुला ओला कापूस कळतो. स्वतःची लेक ओली झालेली कळत नाही?

मी इथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी पोर दाखवा. मुंबईच्या दवाखान्यालाही मी त्यांच्याकडून पत्र धाडलं आहे. तुझी परवानगी घेतलेली नाही.

तुला माझा राग आहे ना? राहू दे. मला शिव्या देत ये, पण पोरीला घेऊन ये. माझ्या घरचं पाणीही पिऊ नकोस, दवाखान्याच्या ओट्यावर उभा राहा. मी पदर डोक्यावर घेईन, तोंड उघडणार नाही. डॉक्टरांशी तूच बोल.

शालू


अमडापूर
२४ नोव्हेंबर

दादा,

विमल माझ्याकडे आहे. रुखमावहिनी तिला घेऊन परवा आली. उंद्रीला माहेरी जाते असं तुला सांगून निघाली आणि उंद्रीला न उतरता इथवर आली. घाबरू नकोस, आणि तिच्यावर हात उगारू नकोस. घरच्या बाईला स्वतःच्या पोरीला दवाखान्यात न्यायला खोटं बोलावं लागतं, याची लाज तिला वाटायला नको, तुला वाटायला हवी.

एस.टी.तून उतरली तेव्हा वहिनीनं पोरीला कडेवर घेतलं होतं. सात वर्षांची घोडी कडेवर! दवाखान्याच्या रांगेतल्या बाया हसल्या. वहिनी मला म्हणाली, "शालूबाई, हे आता आडवी झोपतच नाई. भितीले टेकून बसते अन् तशीच डुलकी घेते. मी त्याईले सांगतलं, तं म्हनतात, लाडावली हाये."

लाडावली!

मी श्वास मोजले. चव्वेचाळीस. बसल्या बसल्या. डॉक्टरांनी पोट चाचपलं, उजव्या बरगडीखाली यकृत तीन बोटं उतरलेलं. छातीत खाली दोन्हीकडे बुडबुडे. त्यांनी लघवीचं इंजेक्शन दिलं, काळजाला जोर येण्याच्या गोळ्या सुरू केल्या. पहिल्या दिवशी पोरीनं इतकी लघवी केली की वहिनी घाबरली. दुसऱ्या दिवशी ती आडवी झोपली. काल तिनं मिठाशिवायची अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली आणि मला विचारलं, "आत्या, तुह्याकडे बकरी काऊन नाई?"

आज वजन सतरा किलो. पावणेतीन किलो पाणी उतरलं, दादा. एवढ्या पाण्याचा गूळ वाटून झाला होता तुझा.

डॉक्टर म्हणाले, हे औषध म्हणजे टेकू आहे. मुंबईहून तार आली आहे, "मुलीला ताबडतोब आणा." त्यांचा अंदाज असा की काळजातलं भोक बुजवायला शिवलेलं ठिगळ एका बाजूनं सुटलं आहे. पुन्हा उघडावं लागेल. तिथे बापाची सही लागते. म्हणून ये. मलकापूरहून मुंबईची गाडी धरायची, मीही रजा काढते. माझ्याशी बोलू नकोस, वेगळ्या डब्यात बस, हवं तर.

शालू


अमडापूर
३० नोव्हेंबर

शेषराव पाटील,

आज दादा लिहिणार नाही.

मी शेलोडीला बाळंतपणाला गेले होते. आडवं मूल होतं, तीन तास लागले. परत आले तर घरात कोणी नाही. शेजारच्या गोजरबाईनं सांगितलं. तू जीप घेऊन आलास, पोरीला उचललंस, वहिनीला पुढे घातलंस. जाताना गोजरबाईला म्हणालास, "पाहा, हाडं दिसून राह्यली लेकराची. दोन महिने तूप चारून भरवेल पोरगी, या बाईनं आठ दिवसांत वायवून टाकली."

गोळ्यांची पुडी खिडकीत तशीच सोडून गेलास. विसरलास असं मी मानत नाही.

अरे, ती सतरा किलोची विमल खरी विमल होती! बरगड्या दिसत होत्या, कारण वरची सूज गेली होती. ती खेळत होती. पायऱ्या चढत होती. तिच्या तोंडाला चव आली होती. तुला काही दिसलं नाही, फक्त कमी झालेला आकडा दिसला. आता घरी नेऊन पापड-लोणच्याशी भात चारशील आणि आठ दिवसांत पुन्हा वीस भरवशील. आणि पुन्हा गूळ वाटशील. गाव खाईल. फुकटचा गूळ कोणाला कडू लागतो?

रात्रभर तुला शिव्या देत होते. सकाळ झाली तेव्हा शिव्या संपल्या आणि मग माझीच पाळी आली. म्हणून हे पुढचं लिहिते आहे. वाचून कोणालाही दाखव.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. भाऊबीजेला मी विमलला पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. दसरा झाल्यावर चार दिवसांनी वहिनी उंद्रीला आली होती, तेव्हा तुझ्या चोरून पोरीला माझ्याकडे घेऊन आली होती. मी तिला दवाखान्याच्या काट्यावर उभं केलं. अठरा भरली. चार दिवसांपूर्वी तुझ्या तराजूत सतरा भरली होती, हे वहिनीनं मला तिथेच सांगितलं. सकाळची वेळ, तिच्या पापण्या सुजलेल्या होत्या. मी पाहिल्या. मला वाटलं, एस.टी.त झोपली असेल. मी तिचे गाल ओढले आणि म्हटलं, "बाळसं धरलं गं माझ्या सोनीनं!" आणि त्याच दिवशी तुमच्या घरच्या पत्त्यावर वहिनीच्या नावानं कार्ड टाकलं, "विमल चांगली भरते आहे. असंच वाढू द्या. दादाला सांगा, गूळ वाटायला हरकत नाही."

वहिनीला वाचता येत नाही, ती कोणाकडून तरी वाचून घेईल असं मला वाटलं. तू वाचलंस. ते तू खिशात ठेवलंस आणि गावाला दाखवत फिरलास, "आमची शालीसुद्धा म्हनते, नर्स हाये ना थे." हे मला गोजरबाईच्या वडनेरच्या भाच्याकडून काल कळलं. नऊ वर्षांत माझा एकच शब्द तू लगेच मानलास, आणि तोच चुकीचा होता.

आम्हाला शिकवलेलंच तसं. बाळाचं वजन वाढलं की शाबासकी द्यायची, घटलं की आईला बोलायचं. रोज तीस बाळं काट्यावर ठेवते मी. हात सवयीनं काटा वाचतो. पण विमल काही रोजच्या तिसांतली नव्हती. तिच्या छातीवर वीतभर टाका आहे, तो मला माहीत होता. ज्या पोराच्या काळजाला सुई लागली आहे, त्याच्या बाबतीत झपकन वाढलेल्या वजनाला भ्यायचं असतं, हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मीही खूश झाले. तीन आठवडे गेले माझ्यामुळे. त्यापुढचे तुझ्यामुळे गेले, पण पहिले तीन माझे.

ते कार्ड चुलीत घाल. ते चुकलं होतं. हे पत्र खरं आहे. या पत्राबरोबर पुडी पाठवते आहे, रोज सकाळी एक गोळी. आणि मीठ नाही. पाया पडते, मीठ नाही.

शालू


मुंबई
१० डिसेंबर, बुधवार

दादा,

शुक्रवारी मी वडनेरला आले तेव्हा तू ओट्यावर पाठमोरा बसला होतास. तुझी पाठ मी ओळखते, लहानपणी हिच्यावरच बसून नदी ओलांडायचे मी. विमल आत ज्वारीच्या पोत्याला टेकून बसली होती, ओठ निळसर, श्वास पन्नासाच्या वर. वजन वीस होऊन गेलं होतं, म्हणाली वहिनी. यावेळी गूळ वाटला नव्हतास. म्हणजे कळलं होतं तुला. कळूनही बसून राहिला होतास.

मी तिला उचललं. वहिनीनं पिशवी घेतली. आम्ही तुझ्या पुढ्यातून गेलो. तू आडवा आला नाहीस. बरोबरही आला नाहीस. जोडा पायात घातलास आणि परत काढलास, एवढं मी पाहिलं.

गाडीत वहिनी बोलली. भुसावळ गेल्यावर, पोर इंजेक्शननं थोडी निवांत झाल्यावर. म्हणाली, "शालूबाई, तुमी त्याईले लय बोलता. पन माघात त्या कागदावर सही केली ना त्याईनं, तवाची गोठ आयका. डॉक्टर म्हने, पोरगी टेबलावर जाऊबी शकते, कबूल हाये काय. त्याईनं सही केली अन् बाहीर येऊन भडाभडा वकले. मले म्हनत, रुखमे, म्या माह्या हातानं लेकीच्या मरनावर सही केली. पुन्हा मले असा कागद दाखवू नोको."

मग मला ते तराजूचं वेड कळलं. पोर जड होते आहे तोवर तो कागद पुन्हा समोर येणार नाही, असं तुला वाटत होतं. प्रत्येक किलोला तू सुटत होतास.

कळलं म्हणून राग गेला असं समजू नकोस. राग तेवढाच आहे. भीती तुला एकट्याला नाही, दादा. वहिनीला अक्षर येत नाही, तिनं नवऱ्याशी खोटं बोलून पोर पळवली, ती भीत नव्हती? मी पहिल्या खेपेला चुकले, या खेपेला पुन्हा चुकले तर? तरी आलोच ना आम्ही. तू मात्र भ्यालास आणि बसलास, आणि त्याला तब्येत ठणठणीत असं नाव दिलंस.

इथल्या बाई-डॉक्टरांनी पोरीला तपासलं. तरुण आहेत, फटकळ आहेत, मला आवडल्या. मी त्यांना म्हटलं, वजन करा म्हणून सांगता, वाढलं तर भ्या म्हणून का सांगत नाही? त्या म्हणाल्या, "सांगायला हवं होतं. यापुढे घरी सोडताना प्रत्येकाला सांगेन." मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्यापुढे चूक कबूल केली.

पोरीचं पाणी उतरवलं आहे. आज साडेसोळा. ठिगळ सुटलंच आहे. मंगळवारी, सोळा तारखेला सकाळी आठ वाजता तिला आत घेतील. आणखी आठ दिवस घरी राहिली असती तर घेता आलं नसतं, असं बाई-डॉक्टर म्हणाल्या. वाचेल का, विचारलं. म्हणाल्या, पहिल्यापेक्षा अवघड आहे, पण आशा आहे. जेवढं सांगितलं तेवढंच लिहिते आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आता कागदाचं ऐक. कारकुनानं फॉर्म पुढे केला. वहिनी अंगठा द्यायला पुढे झाली, तर म्हणाला, "बाप हयात असताना बाईचा अंगठा चालत नाही. वडिलांची सही आणा." मी फॉर्म घेऊन बाहेर व्हरांड्यात आले आणि तुझी सही केली. मला येते ती. शाळेत नापास झालास की आप्पांची सही ठोकायचास आणि मला पहाऱ्यावर बसवायचास, सह्या ठोकायचं शिक्षण तुझंच. 'शेषराव'मधल्या 'श'ची शेपटी तुझ्यासारखीच लांब ओढली. टेबलावर पोर गेली तर कबूल आहे, त्या ओळीखाली सही केली मी. मग परत येऊन कागद दिला.

पोर वाचली तर पोलिसात जा, खोटी सही केली म्हणून. मी हो म्हणेन, नोकरी गेली तरी हो म्हणेन. पोर नाही वाचली तर ती सही माझ्या डोक्यावर, जन्मभर. तुझ्यावर काही येत नाही. तुला हेच हवं होतं ना?

पण कारकून इरसाल आहे. त्यानं कागद हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलीचे वडील कुठायत?"

विमल वहिनीच्या कडेवर होती. तिनंही माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर हवं होतं, कारकुनापेक्षा तिलाच जास्त.

मी म्हटलं, "खाली उभे आहेत. जिना चढवत नाही त्यांना."

तेव्हापासून पोर दर तासाला मला खिडकीशी न्यायला लावते. मी सांगते, चहा प्यायला गेले असतील.

हे पत्र तुला शनिवारी मिळेल. रविवारी मलकापूरहून गाडी धरलीस तर सोमवारी इथे पोचतोस. दवाखान्याच्या दरवाजातून आत आलं की उजवीकडे लोखंडी जिना आहे, त्याच्या समोर कडुलिंब. वर येऊ नकोस, सही करू नकोस, माझ्याशी एक शब्द बोलू नकोस.

फक्त तिथे खाली उभा राहा. मी पोरीला खिडकीशी घेऊन येते.

शालू